मिरच्यांबाबतचा खुलासा

निधीच्या कॉलेजने तिला तिची चूक विचारली, तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणजे अजून ते तिचं कॉलेज नव्हतंच, व्हायचं होतं. प्रवेश द्यायच्या आधीच जे लोक चुका विचारायला लागतात, त्यांचं प्रकरण साधं नसणार हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आमच्या वेळी कॉलेजचा फॉर्म एक पानी असायचा. नाव, जन्मतारीख, मार्क, वडिलांची सही. खाली 'कार्यालयीन वापरासाठी' असा चौकोन, आणि त्या चौकोनात हात घालायची कोणाची टाप नसायची. हे कॉलेज म्हणजे दक्षिणेत कुठल्याशा डोंगरात नव्याने निघालेलं, झाडाखाली वर्ग भरवणारं आणि मार्कांचं नाव काढलं की नाक मुरडणारं. वर्षाला मुलं घेणार ऐंशी. तिथे जाऊन आमच्या निधीला नद्या शिकायच्या होत्या. नद्या! मुलगी वाढली मरोळला. आमच्याकडे नदी म्हणून जी काही आहे तिच्या पुलावरून जाताना रिक्षावालासुद्धा नाकाला रुमाल लावतो. पण पोरीने आठवीपासून हेच डोक्यात घेतलेलं. कपाटाच्या दारावर देवांचे फोटो असतात तिथे हिने खोऱ्यांचे नकाशे चिकटवलेले. आणि कहर म्हणजे दुसरीकडे कुठे अर्जच केलेला नाही. "तिथेच जायचंय बाबा," एवढंच म्हणाली. मी सुगंधाकडे पाहिलं. सुगंधा, म्हणजे माझी बायको, पोस्टात काउंटरला असते. माणसाने हट्टाने एकाच खिडकीवर उभं राहावं यात तिला काही वावगं वाटत नाही.

फॉर्मबरोबर तीन निबंध होते. मातृभाषेत लिहिले तरी चालतील, अशी सवलत. पहिले दोन निधीने एका बैठकीत लिहून टाकले. तिसरा मात्र असा होता: 'तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा, आणि तिच्याबद्दल तुम्ही काय केलंत ते लिहा. शब्दमर्यादा अडीचशे.'

मी तो प्रश्न दोनदा वाचला आणि हसलो. मी, अंबादास घाडी, एका निमसरकारी कार्यालयात एकोणतीस वर्षं आहे. कार्यालयाचं नाव सांगत नाही, तेवढी शिस्त अंगात आहे. तिथे माझी जी काही इज्जत आहे ती खुलाशांमुळे आहे. कोणाला मेमो आला, कारणे दाखवा नोटीस आली, की तो माणूस आधी देवाला जात नाही, माझ्या टेबलाकडे येतो. फाईल हरवली? मी लिहून देतो, 'सदर फाईल कार्यालयातच असून तिचे निश्चित स्थान ठरविण्याचे काम प्रगतिपथावर आहे.' साहेब मीटिंगमध्ये घोरले? 'सखोल चिंतनात असताना श्वसनाचा आवाज झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' माझ्या हातून गेलेल्या एकाही खुलाशावर आजवर कारवाई झालेली नाही. एकोणतीस वर्षांतला माझा एकच नियम आहे, चूक कधीही लेखी द्यायची नाही. तोंडी कबूल केली तर वारा घेऊन जातो, कागदावर आली की ती फाईलला लागते.

"निधी, तू अभ्यास कर," मी म्हटलं, "हे माझ्यावर सोड."

"बाबा, निबंध माझा आहे."

"तुझाच आहे गं. मी फक्त मसुदा करतो."

दोन दिवसांत मसुदा तयार झाला. 'अतिदक्षता हा माझा दोष असल्याचे काहींचे मत आहे, तथापि...' अशी सुरुवात होती. त्यात निधीची चूक अशी होती की ती कामात स्वतःला फार झोकून देते, आणि त्याबद्दल तिने केलं काय, तर तिने इतरांनाही तसंच करायला प्रोत्साहन दिलं. बरोब्बर अडीचशे शब्द. मी तो जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. निधी भातात बोट फिरवत बसली. सुगंधा म्हणाली, "अहो, त्यांनी चूक विचारलीय ना? मग एक चूक लिहू दे की पोरीला. तुमच्यावर लिहायला सांगितलं असतं तर अडीचशे शब्द पुरले नसते." माणसाच्या कलेची घरात ही किंमत असते.

एवढ्यात या प्रकरणात हर्षद पेडणेकर शिरला. हा दुसऱ्या मजल्यावर राहतो, चार वर्षांपूर्वी आला, स्वतः पंचेचाळीसचा असून मला काका म्हणतो. त्याचा भाचा कॅनडाला गेल्यापासून जगातल्या सगळ्या कॉलेजांचं त्याला कळतं. लिफ्टजवळ त्याने मला गाठलं आणि माझा मसुदा भिंतीला टेकून वाचला.

"काका, वाट लागली," तो म्हणाला. "यात स्ट्रगल कुठाय?"

"कसला स्ट्रगल?"

"ते लोक स्ट्रगलवर घेतात यार. मार्क-बिर्क कोण बघतो? पोरीने काय सोसलं ते दाखवा. आईबाप दोघं नोकरीला, टू बीएचके, घरी ॲक्वागार्ड. कसं होणार? तिला देवनारला न्या. डम्पिंग ग्राउंड. दोन तास तिथल्या पोरांना शिकवलं, फोटो काढले, 'मी इतके दिवस या जगाकडे पाठ फिरवली ही माझी चूक' असं लिहिलं की काम झकास. माझ्या भाच्याने तेच केलं."

मला हे पटलं नव्हतं, पण 'ॲक्वागार्ड' शब्द मनाला लागला. रविवारी आम्ही हर्षदच्या गाडीतून देवनारला गेलो. निधी मागे तोंड पाडून बसली होती. कचऱ्याच्या डोंगराशी पोचलो तर फाटकावरच्या माणसाने परवानगीचं पत्र मागितलं. पत्र नव्हतं. मी आयुष्यभर इतरांकडे पत्र मागितलेला माणूस, तिथे बिनपत्राचा उभा राहिलो. बाहेरच्या टपरीशी कचरा वेचणाऱ्या बाया चहा पीत होत्या. त्यातली एक, शांताबाई नावाची, आमच्याकडे बघून म्हणाली, "निबंधाला आलाय ना?"

हर्षद चपापला. "तुम्हाला कसं कळलं?"

"हिवाळा लागला की येतात. परवा एक बाई ड्रोन घेऊन आली होती. आम्ही आता पोरांना उभं करत नाही फोटोला, पोरं शाळेला जातात." मग तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही हापिसातले वाटता. फॉर्म भरता येतो का? माझ्या पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म तीनदा परत आलाय."

तर त्या दिवशी देवनारला आम्ही कोणाला काही शिकवलं नाही. मी टपरीच्या बाकड्यावर बसून शांताबाईंच्या मुलीचा फॉर्म भरला. जोडपत्र 'ब' त्यांनी जोडलंच नव्हतं, आणि ते लागतं हे त्यांना तीन वेळा फॉर्म परत करणाऱ्यांपैकी कोणी सांगितलं नव्हतं. चहा शांताबाईंनी पाजला. हर्षद मात्र भाच्याला फोन लावत इकडून तिकडे फिरत होता.

परत येताना निधी म्हणाली, "बाबा, मी ठरवलंय काय लिहायचं. मी मिरच्यांवर लिहिणार."

हर्षदने आरशातून विचारलं, "कसल्या मिरच्या?" मी म्हटलं, "समोर बघ, सिग्नल लागलाय."

आता मिरच्यांचं सांगायला हवं, त्याला इलाज नाही.

आमच्या तळमजल्यावर तेरेसाबाई राहतात. वय एकोणसत्तर, गुडघे गेलेले, नजर शाबूत. मरोळ गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातली सून. आमची बिल्डिंग उभी आहे ती जागाच मुळात त्यांच्या सासऱ्यांच्या भातशेतीची. चर्चच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. अर्ध्या मरोळच्या पाठीवर त्यांची पट्टी उमटली आहे, आणि निधी तर पहिलीपासून त्यांच्याच ओट्यावर बसून बाराखडी गिरवलेली. या तेरेसाबाई दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात बाटलीचा मसाला करतात. तीन-चार जातींच्या मिरच्या आणि वीसएक जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि बियरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचे. वर्षभर त्यावर घर चालतं. एक बाटली न चुकता आमच्याकडे.

दोन वर्षांपूर्वी, निधीची दहावी झाली त्या मे महिन्यात, तेरेसाबाईंच्या बारा किलो मिरच्या गच्चीवर पसरलेल्या होत्या. मी तेव्हाही सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आजही आहे, दुसरं कोणी होत नाही. त्या दिवशी वॉचमन रजेवर. मी ऑफिसला निघताना निधीला सांगितलं, अकराला पंप बंद कर. निधी मैत्रिणीशी फोनवर बोलत बसली. साडेअकराला टाकी भरून वाहिली, आणि बारा किलो मिरच्यांचं गच्चीभर सार झालं. निधीने रडत मला ऑफिसात फोन केला. मी म्हटलं, "गप्प बस. कोणाला काही बोलू नकोस. मी बघतो."

आणि मी बघितलं. तेरेसाबाईंनी सोसायटीला साधी चिठ्ठी दिली होती, पंप कोणी चालू ठेवला तेवढं कळावं. मी त्या चिठ्ठीला सोसायटीच्या लेटरहेडवर उत्तर दिलं. 'पंप नियमित वेळापत्रकानुसार कार्यरत होता. तथापि गच्ची ही सामाईक जागा असून तेथे खाद्यपदार्थ पसरणे नियमबाह्य आहे. यापुढे असे आढळल्यास...' वगैरे. नोटीस बोर्डावर काचेआड ते पत्र महिनाभर होतं. फार सुबक पत्र होतं. ज्यांच्या शेतावर ती गच्ची उभी आहे त्यांना तिथे मिरच्या वाळवायला मी मनाई केली, आणि त्या बाईंनी काही न बोलता ती मानली. त्याच महिन्यात त्यांनी नव्या मिरच्या आणल्या, आणि तेव्हापासून त्या पोती घेऊन मार्वेला जायला लागल्या, तिथून बोटीने मनोरीला, माहेरी. तिथे भावाच्या अंगणात वाळवून परत बोटीने आणायला लागल्या. आणि बाटली? बाटली आमच्याकडे येतच राहिली.

घरी पोचल्यावर मी निधीला एकटीला गाठलं. "अगं, तेरेसाबाईंना कळलं तर दहा मिनिटांत वर येऊन भांडतील. दोन वर्षं झाली. आता कशाला उकरायचं?"

"बाबा, प्रश्नच तो आहे. चूक सांगा आणि काय केलंत ते लिहा. मी काहीच केलेलं नाही. दोन वर्षं मी आंटीच्या दारावरून जाताना फोन कानाला लावते."

"म्हणजे माझं पत्रही लिहिणार?"

तिने चपला काढल्या आणि ती आत निघून गेली. कमिशनरसमोर फाईल घेऊन मी उभा राहिलो आहे, पण त्या मुलीने मला असं मध्येच सोडून जावं याचा जो त्रास झाला तो तिथेही झाला नव्हता.

आणि तशात फॉर्मचं शेवटचं पान निघालं. निबंध विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला आणि खरा आहे, असं एका प्रौढ व्यक्तीने वाचून, लिहून, सही करून द्यायचं होतं. व्यक्ती नात्यातली नको, आणि विद्यार्थ्याला किमान पाच वर्षं ओळखणारी हवी. ती सही स्कॅन करून तीस जानेवारीला संध्याकाळी पाचच्या आत साइटवर चढवायची, नाहीतर अर्ज बाद. हर्षद सही करायला एका पायावर तयार होता, पण त्याची चारच वर्षं भरत होती. "एक वर्षाचं काय घेऊन बसलात काका," तो म्हणाला. चेअरमन मुलाकडे पवईला गेलेले, ते निधीला अजून चौथीत समजतात. निधी म्हणाली, "सही तेरेसा आंटीचीच हवी. तिने वाचल्याशिवाय मी पाठवणार नाही."

तीस तारखेला निधीची प्रॅक्टिकल परीक्षा, ती सकाळीच गेली. निबंधाचं बंद पाकीट आणि सहीचा फॉर्म तिने आईकडे दिला. आईने ड्यूटीवर निघताना ते माझ्या हातात ठेवलं. "उघडू नका. खाली देऊन या," एवढं म्हणून ती गेली. मी त्या दिवशी रजा काढली होती.

मी पाकीट उघडलं. लपवत नाही.

निधीने लिहिलं होतं: 'मिरच्या भिजल्या हा गोंधळ होता. चूक दुसऱ्या दिवशी झाली. आंटीने मला विचारलं, पंप कोणी चालू ठेवला तुला माहीत आहे का गं? मी नाही म्हटलं. त्या वर्षीही तिने आमच्याकडे मसाल्याची बाटली पाठवली. त्या मसाल्याचं कालवण मी तेव्हापासून खाल्लेलं नाही. आईला वाटतं मला तिखट सोसत नाही...' असं सगळं. मी माझं नाव शोधत खालपर्यंत गेलो. पत्र, सेक्रेटरी, बाबा, काहीतरी सापडेल. कुठेच नव्हतं. 'सोसायटीने आंटीला गच्ची बंद केली', बस. एकोणतीस वर्षं मी लोकांना कागदावर वाचवत आलो, आणि आमच्या पोरीने अडीचशे शब्दांत मला वाचवलं होतं. मी कपाळाला हात लावून बसलो.

एवढं वाचल्यावर कोणीही शहाणा माणूस पाकीट बंद करून खाली गेला असता. मी काय केलं? मी त्या पाकिटात माझा 'अतिदक्षता'वाला मसुदा घातला आणि खाली गेलो. मनात एकच विचार, पोर तेरेसाबाईंच्या नजरेतून उतरू नये. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तेरेसाबाईंनी चष्मा लावून वाचलं. पहिल्याच ओळीला त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग शेवटपर्यंत वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"अंबादास, हे निधीचं नाही."

"निधीचंच आहे, टीचर."

"त्या पोरीने आयुष्यात 'तथापि' लिहिलेलं नाही. मी तिला शिकवलंय. हे तू लिहिलंयस. आणि यात चूक कुठे आहे? मी तीनदा शोधली." त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला. "खऱ्याची सही मागतोयस माझी, आणि हे देतोस? जा, खरं घेऊन ये."

एक वाजला होता. मी वर गेलो, पाणी प्यायलो, खाली आलो, आणि निधीचा कागद दिला.

तेरेसाबाईंनी तो सावकाश वाचला. मग पुन्हा वाचला. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मी तिला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "इथेच, या ओट्यावर. सोळा वर्षांची पोर. घाबरली असेल." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "अंबादास, तुला माहीत होतं?"

आता इथे नीट ऐका. या प्रश्नाला माझ्याकडे निदान सात उत्तरं होती. 'आठवत नाही', 'माहिती घेऊन सांगतो', 'त्या सुमारास मी ऑफिसात होतो', जे की खरंच होतं. निधीच्या कागदावर माझं नाव नव्हतं. पुरावा शून्य. 'मलाही आत्ताच कळतंय' एवढं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो, आणि दोषी राहिली असती एकटी निधी.

"हो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तिने फोन केला होता."

"आणि पत्र?"

"दुसऱ्या दिवशी लिहिलं."

तेरेसाबाई भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि एक फाईल घेऊन आल्या. त्यात माझं ते पत्र होतं. "यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या मी तेव्हाच लाल केल्या," त्या म्हणाल्या. "तिसरी मला दिसली नाही." मग त्यांचा आवाज जरा फाटला. "मला वाटलं, नियम असेल रे. तू शिकलेला, हापिसातला. मला वाटलं माझंच चुकलं. दोन वर्षं ही पोती घेऊन मी त्या बोटीत चढते. माझा भाऊ मार्कस म्हणतो, ताई, तुझ्याकडे एवढी मोठी गच्ची, तू इथे कशाला येतेस? त्याला मी सांगते, आमच्याकडे नियम आहे."

"चुकलं माझं, टीचर," मी म्हटलं. मला खरंच फार वाईट वाटत होतं.

"लेखी दे."

"अं?"

"पत्र लेखी होतं ना? मग हेही लेखी दे. निधीच्या कागदात अर्धंच आहे, तिने तुला झाकलंय. अर्ध्यावर मी 'खरं आहे' म्हणून सही कशी करू? तुझं अर्धं दे, मग करते."

दीड वाजला होता. मी त्यांच्या टेबलाशी बसलो, आणि एकोणतीस वर्षांच्या पुण्याईवर लिहायला घेतलं. 'गच्चीवर उद्भवलेल्या परिस्थितीबाबत...' तेरेसाबाईंनी कागद परत केला. "कोणामुळे उद्भवली?" दुसऱ्यांदा लिहिलं, 'कुटुंबातील एका सदस्याकडून अनवधानाने...' कागद परत. "सदस्य म्हणजे कोण? मांजर?" तिसऱ्यांदा, 'याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.' तो त्यांनी पुरता वाचलासुद्धा नाही, नुसता माझ्याकडे सरकवला. आयुष्यभर मी लोकांचे कागद परत पाठवले, पण परत आलेला कागद हातात कसा लागतो ते मला माहीत नव्हतं. देवनारच्या शांताबाईंची आठवण झाली.

चौथ्यांदा मी लिहिलं: 'तेरेसाबाईंच्या मिरच्या माझ्या मुलीने पंप बंद न केल्यामुळे भिजल्या. मला ते माहीत होतं. तरी मी त्यांच्यावर ढकललं आणि त्यांना गच्ची बंद केली. चूक माझी आहे. अंबादास घाडी.' 'सेक्रेटरी' लिहायला हात शिवशिवला, पण लिहिलं नाही.

तेरेसाबाईंनी वाचलं. लाल पेन उचललं, कागदावर फिरवलं आणि काही न करता खाली ठेवलं. मग निधीच्या फॉर्मवर सही केली, त्यांच्या त्या शाळेतल्या सुवाच्य अक्षरात.

"आता हे बोर्डावर लाव," त्या म्हणाल्या.

"बोर्डावर?"

"पत्र कुठे होतं? महिनाभर होतं. किल्ली तुझ्याकडेच आहे ना?"

किल्ली माझ्याकडेच होती. दोन वाजून दहा मिनिटांनी मी स्वतःच्या हाताने काच उघडली, 'पाणी जपून वापरा'च्या शेजारी स्वतःची चूक टाचणीने टोचली आणि काच लावून घेतली. पहिला वाचक हर्षद. तो अडीचला लिफ्टमधून उतरला, वाचला, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काका, झकास! हाच पाठवा ना निबंध, सिलेक्शन नक्की!" त्याच्यामागून तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी आल्या. त्यांनी नुसतं वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचलं. ते जास्त वाईट होतं. सुगंधा लवकर सुटून घरी येताना वाचून आली. वर आल्या आल्या आधी मालवणीत सुरू झाली, "तुमचा डोक्या ठिकाणार आसा मां? उघडू नका म्हणान सांगितलेलंय ना?" मग मध्येच थांबली आणि न विचारता माझ्यापुढे चहा ठेवला. एरवी मागावा लागतो.

पावणेचारला निधी आली. मी गॅलरीतून बघत होतो. बोर्डापाशी थांबली, पाठीवरची सॅक तशीच. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. मग ती जिन्याकडे न येता तेरेसाबाईंच्या दारात गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, दोघींनी अजून सांगितलेलं नाही. वर आली तेव्हा डोळे सुजलेले आणि हातात सही केलेला फॉर्म.

"बाबा," ती म्हणाली, "ती मीच लिहायला हवी होती ना चिठ्ठी? दोन वर्षांपूर्वी."

"तुला गप्प मी केलं," मी म्हटलं.

मग आम्ही झेरॉक्सच्या दुकानाकडे पळालो. स्कॅन मोठा झाला, साइट घेईना. लहान केला तर सही दिसेना. दुकानदार म्हणाला, उद्या या. निधीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने स्वतः तिसऱ्यांदा स्कॅन केला. चार बावन्नला 'मिळाला' असं आलं.

एप्रिल आला. मी कमिटीत ठराव मांडला की गच्चीवर मिरच्या वाळवता येतील. सूचक मी, अनुमोदक मीच, कारण बाकीचे हसत होते. पंपाला कुलूप बसवलं, किल्ली माझ्या कमरेला. आणि ज्या रविवारी तेरेसाबाईंच्या बारा किलो मिरच्या दोन वर्षांनी पुन्हा वर आल्या, त्या रविवारी मी छत्री, काठी आणि डोक्याला ओला टॉवेल घेऊन राखणीला बसलो. कबुतरं हाकलायची आणि अर्ध्या तासाने मिरच्या उलटायच्या. तेरेसाबाईंनी गुडघे सांभाळत दोनदा वर येऊन तपासलं. "ती कडेची उलटली नाहीस," म्हणाल्या, आणि गेल्या.

साडेअकराच्या सुमारास निधी धावत वर आली. हातात फोन, पायात चप्पल नाही. तापलेल्या गच्चीवर नाचतच म्हणाली, "बाबा, झालं! घेतलं त्यांनी मला!" तिने ती मेल मोठ्याने वाचून दाखवली. जुलैमध्ये जायचं होतं. चार वर्षं. डोंगरात.

मी मान खाली घालून मिरच्या उलटायला लागलो. निधी वाकून बघत म्हणाली, "बाबा, रडताय?"

"छे गं," मी म्हटलं. "मिरच्या फार झोंबऱ्या आहेत या वर्षी."

ती हसली आणि तेरेसाबाईंना सांगायला खाली पळाली. मी तिथेच बसून राहिलो, काठी मांडीवर घेऊन. आता कोणी विचारत नाहीये, तरी लेखीच देतो. त्यात मिरच्यांचा काही दोष नव्हता.